बहिणीच्या बदल्यात बहीण

माझी आत्या हीच माझी मामीही होती. हे ऐकलं की शहरातली माणसं आधी हसतात, मग मनातल्या मनात नातं जुळवून बघतात आणि शेवटी "म्हणजे कसं?" असं विचारतात. म्हणजे असं, की आमच्याकडं साटंलोटं झालं होतं. वडिलांची बहीण आईच्या भावाला दिली आणि त्याच मांडवात आईला वडिलांसाठी आणलं. तुमची आम्हाला, आमची तुम्हाला. त्यामुळं आई आणि आत्या एकमेकींच्या नणंदाही होत्या आणि भावजयाही. दोघी एकमेकींना "वन्सं" म्हणायच्या. आत्या सणाला आली की आमच्या घरात नुसता "वन्सं, वन्सं" असा गजर चालायचा आणि कोण कुणाला हाक मारतंय ते आवाजावरून ओळखावं लागायचं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडं. मामाचं गाव वरकुट्याच्या बाजूला. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या लहानपणी आमच्या घरात मेंढरं होती. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली, पण आबांचा हिशोब कळपाचाच राहिला. आपलं एक मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं असेल तर त्याचं एक आपल्याकडं असलेलं बरं, असा तो हिशोब. साटंलोटं त्यांना म्हणूनच पसंत होतं. त्यांची पोर आपल्याकडं आहे म्हटल्यावर ते आपल्या पोरीला कशाला त्रास देतील?

पण मामानं दिला. मी सहावीत होते त्या वर्षी, शिमगा झाल्यावर एका दुपारी आत्या यष्टीतून उतरली. हातात ट्रंक होती. ओट्यावर बसून ती तांब्याभर पाणी प्यायली, "आले" एवढं म्हणाली आणि आई सुपात हरभरे निवडत होती ते सूप आपल्याकडं ओढून घेऊन निवडायला लागली. मामानं दुसरी बाई घरात आणून ठेवली होती. हे आत्यानं सांगितलंच नाही, चार दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. पण आईनं ट्रंक बघितली तेव्हाच ओळखलं असणार. ती आपल्या भावाला चांगली ओळखत होती.

त्या दिवसापासून आई स्वतःच्या घरात चोरासारखी वावरायला लागली. भाकरी वाढताना आबांच्या ताटाकडं बघायची, तोंडाकडं नाही. आत्या मात्र तिच्याशी पहिल्यासारखीच वागायची. दोघी एकाच दगडावर धुणं धुवायच्या आणि एकच वाकळ दोन टोकांनी धरून पिळायच्या. शेजारणी यायच्या त्या आत्याचं दुःख ऐकायला आणि जाताना आईकडं डोळे वटारून जायच्या. आत्या त्यांना म्हणायची, "भाऊ निवडायला देत्यात व्हय पोरीला? मग ह्यांच्याकडं काय बघताय?"

आबा, वडील आणि गावातली दोन वडीलधारी माणसं मामाकडं बोलणी करायला दोनदा जाऊन आली. दुसऱ्या वेळी मामा घराबाहेरसुद्धा आला नाही. आबा त्या घरचं पाणीही न पिता परत आले. संध्याकाळी सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं, "त्यांनी आमची धाडली, आमी त्यांची धाडतो. दसरा झाला की धाडायची. पोरं हितंच ऱ्हातील."

पोरं म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. आबा रागात नव्हते, ओरडले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. मी वडिलांकडं बघितलं. ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. आबांसमोर त्यांचं तोंड कधी उघडायचं नाही हे मला माहीत होतं, तरी मला त्यांचा इतका राग आला की पुढं कितीतरी दिवस मी त्यांना हातात चहा दिला नाही, खाली ठेवून यायचे. आई रोज रात्री माझी वेणी सोडून परत घालायची. काही गरज नसायची, नुसती घालायची.

दसरा झाला. आता आबांना रीत आठवली. सुनेला माहेरी धाडायचं म्हणजे बोळवण करायची, बोळवण करायची म्हणजे साडी घ्यायची. "आपल्या घरातनं बाई रिकाम्या वटीनं जायाची न्हाय," ते म्हणाले. गळा कापायचा, पण आधी हळदीकुंकू लावून. आईला म्हणाले, बारामतीला जा, पसंतीची घे. आई म्हणाली, मला नको. मग त्यांनी आत्याला सांगितलं, "तू जा तिच्यासंगं. चांगली बघून घ्या." आणि पाट्या वाचायला म्हणून मला धाडलं, कारण दोघींनाही वाचता येत नव्हतं. अशी आमची वरात निघाली. ज्या बाईला नवऱ्यानं हाकललं ती, तिच्यापायी जिला हाकलायचं होतं ती, आणि मी.

बारामतीच्या दुकानात गादीवर बसलो तर दुकानदार म्हणाला, "कशासाठी बघायची? सणाला का लग्नाला?"

"बोळवणीला," आत्या म्हणाली.

"वा वा! लेक सासरी निघाली वाटतं?" तो माझ्याकडं बघून हसला. मी आईला चिकटून बसले.

आईनं बोट लावलं ते एका मळकट तपकिरी साडीला. आत्यानं ती उचलून बाजूला टाकली. "वन्सं, ही काय तिरडीवर घालायची हाय का?" मग तिनं गठ्ठ्याखालून एक पोपटी, डाळिंबी काठाची साडी ओढून काढली, आईच्या खांद्यावर टाकली आणि लांब होऊन बघितलं. आईचा रंग उजळ होता, पोपटी तिला फार शोभायचा. आत्या बराच वेळ बघतच राहिली. मग दुकानदाराला म्हणाली, "हीच बांधा."

परतीची यष्टी संध्याकाळची होती. ऊन मी म्हणत होतं. स्टँडकडं येताना एका टॉकीजवर मोठं पोस्टर दिसलं. त्यावर केस मोकळे सोडलेली एक बाई होती, हातात तलवार आणि डोळ्यांत अंगार.

"बाईचा पिक्चर हाय," आत्या म्हणाली. "देवीचा असंल."

"आत्या, देवीला पँट कशी असेल?"

"असंल त्यांच्यातली देवी. चला बसू."

आई म्हणाली, "वन्सं, घरी कळलं तर?"

"कळू द्या. चार दिसांनी तुमी जाणार. मग म्या कुणासंगं बसू टॉकीजला?" असं म्हणून आत्या तिकिटाच्या खिडकीकडं चालायलाही लागली. ती पुढं का गेली हे मला कळलं. तिला रडू आलं होतं.

दारावरचा माणूस आम्हाला बघून घुटमळला. "मावशी, मारधाडीचा पिक्चर हाय. इंग्रजी हाय."

"असू द्या. घरी बी त्येच चाललंय," आत्या म्हणाली आणि आत शिरली.

आत सगळे बाप्येच होते. कॉलेजची पोरं, हमाल, बाजाराला आलेले शेतकरी. आम्ही कडेच्या तीन खुर्च्या धरल्या. आत्या मधे, आई एका बाजूला साडीची पिशवी छातीशी धरून, मी दुसऱ्या बाजूला. इंग्रजी म्हणजे आमच्याकडं जे हिंदी नाही आणि मराठी नाही ते सगळं. त्यातली माणसं चपट्या नाकाची होती आणि बोलणं वरून हिंदीत चढवलेलं होतं. माणसाचं तोंड मिटलं तरी आवाज चालूच राहायचा. "हिच्या पोटातनं कोण बोलतंय?" आत्यानं विचारलं. मला शाळेत हिंदी होतं, म्हणून भाषांतराचं काम माझ्याकडं आलं.

गोष्ट अशी होती. पोस्टरवरची ती बाई माणसं मारायचं काम करायची. सुपारी घ्यायची, मारायची आणि निघून जायची. तिला एक लहान बहीण होती, तिच्यावर तिचा फार जीव. ज्या धन्यासाठी ती हे काम करायची त्यानंच एक दिवस त्या बहिणीला मारलं. तेव्हापासून बाईनं हसणं सोडलं आणि त्याच्या एकेका माणसाला गाठायला सुरुवात केली. एक छपरावर, एक हमामखान्यात, एक भर जेवणात.

पहिला मेला तेव्हा आत्यानं पदर तोंडाला लावला. दुसऱ्याला ती नीट बसली. तिसऱ्यापर्यंत ती त्या बाईला सल्ले द्यायला लागली होती. "केस बांध की गं आधी. डोळ्यांत जात्यात." "मागं बघ, मागं! मुडदा बशीवला ह्याचा." पुढच्या रांगेतली पोरं पिक्चर सोडून आमच्याकडं बघत होती. आणि मग मला एक आवाज ऐकू आला तो मी विसरूनच गेले होते. आई हसत होती. शिमग्यापासून ती हसली नव्हती. पदराचा बोळा तोंडात कोंबून, खांदे हलवत हसत होती. मला इतकं बरं वाटलं की हा पिक्चर संपूच नये, यष्टी चुकावी, आम्ही तिघींनी इथंच राहावं असं वाटायला लागलं.

मग ती बाई नाव बदलून, मोलकरीण होऊन त्या धन्याच्या घरात राहायला गेली. धन्यालाही एक बहीण होती. भोळी, गोल तोंडाची. ती या बाईला आपल्या शेजारी बसवायची, तिचे केस विंचरायची, तिला चहा करून द्यायची. भाऊ काय धंदे करतो याची तिला गंधवार्ता नव्हती. "ही चांगली हाय," आई म्हणाली. पिक्चरमधल्या कुणाबद्दलही ती पहिल्यांदाच बोलली.

शेवटी धनी आणि ती बाई समोरासमोर आले. बहीण मधे, हातात चहाची कपबशी. बाई धन्याकडं बघत म्हणाली, "बहन के बदले बहन."

"काय म्हणली?" आत्यानं विचारलं.

मी शब्दाला शब्द सांगितला, "बहिणीच्या बदल्यात बहीण."

आत्यानं मांडीवर थाप मारली. "अगं बया! म्हंजी साटंलोटंच की! बघा वन्सं, त्यांच्यात बी हाय. आता लगीन लागणार."

"पण हिला भाऊ कुठं हाय?" आईनं अगदी मनापासून विचारलं. "त्याची बहीण देणार कुणाला?"

"असंल चुलतभाऊ," आत्या म्हणाली, आणि दोघी लग्नाची वाट बघायला लागल्या.

गोळी वाजली. गोल तोंडाची बहीण खाली पडली. कपबशी फुटली आणि चहा फरशीवर पसरला. पुढून शिट्ट्या आल्या, कुणीतरी टाळ्या पिटल्या.

आत्या ताडकन उभी राहिली. "ए बये! तिनं तुझं काय घोडं मारलं व्हतं गं?"

सगळी टॉकीज हसली. "बसा मावशी," मागून कुणीतरी ओरडलं.

"न्हाय बसत! भावानं केलं तर भावाला मार की! त्यो हुबा हाय न्हवं तिथंच! ही तुला च्या पाजत व्हती, तुझी येणी घालत व्हती, आन् हिलाच..."

आणि ती मधेच थांबली. तिचं तोंड आईकडं वळलं. आई पडद्याकडं बघत नव्हती. साडीची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून ती खाली बघत होती आणि पिशवीवर टपटप पाणी पडत होतं. मी तोपर्यंत पिक्चरच बघत होते. त्या क्षणी मलाही समजलं, आणि मी आत्याचा पदर धरला.

"उठा वन्सं," आत्या हळू आवाजात म्हणाली. "हा पिक्चर आपल्याला बघायचा न्हाय."

बाहेर ऊन तसंच होतं. आम्ही स्टँडवरच्या बाकावर येऊन बसलो. आत्यानं आईला भेळ आणून दिली, आईनं ती हातातच धरून ठेवली. मग आत्यानं मला विचारलं, "शेवटाला काय झालं असंल गं?"

"ती बाई जिंकली असेल," मी म्हणाले. "ती हिरॉइन होती ना."

"जिंकंल. पण घरला जाऊन बोलंल कुणासंगं?" आत्या म्हणाली. मग आईच्या हातातली भेळ घेऊन तिनं आईला घास भरवला. भर स्टँडात, सगळ्यांसमोर. आई रडत रडत खात होती. मला लाज वाटली नाही, उलट फार भूक लागली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा ओट्यावर होते, वडील गोठ्यात. आत्यानं चपलाही काढल्या नाहीत. साडीची पिशवी आबांसमोर ठेवली.

"झाली खरेदी?" आबांनी विचारलं.

"झाली. पण बोळवण करायची न्हाय."

आबांनी वर बघितलं. आत्या आयुष्यात त्यांच्यासमोर उभ्यानं बोलली नव्हती.

"मग त्यांचं काय बिघडलं?" आबा म्हणाले. "त्यांनी तुला टाकायची, आन् आमी त्यांची पोर तळहाताव झेलायची व्हय? मिशीला पीळ दीत बसतील ते."

"बसू द्यात. सूड माझ्या नावानं घेताय न्हवं? मग मला इचारा. मला न्हाय पायजे." ती दमली, थांबली, परत म्हणाली, "माझं घर गेलं आबा. ह्यांचं मोडून माझं हुभं ऱ्हातंय का? ऱ्हात असंल तर मोडा. न्हायतर दोघीतल्या एकीचं तरी घर ऱ्हाऊ द्या."

गोठ्याच्या दारात वडील येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हातात वैरणीची पेंडी तशीच होती. ते म्हणाले, "आबा, मला बी असंच वाटतंय." इतके महिने हे एक वाक्य ते कुठं ठेवून बसले होते, देव जाणे. पण म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातात चहा दिला.

आबा पुष्कळ वेळ उसाकडं बघत बसले. अंधार पडला. मग घसा खाकरून म्हणाले, "पोरी, च्या ठिव." दोघींपैकी कुणाला म्हणाले ते कळलं नाही, म्हणून दोघी उठल्या. चुलीपुढं बसून आई हुंदके देऊन रडली आणि आत्या तिला म्हणाली, "हळू वन्सं, इस्तू इझंल." मी आईच्या मांडीत डोकं घातलं. मी मोठी झाले होते, मांडीत मावत नव्हते, तरी घातलं.

आई राहिली. मला वाटलं, संपलं.

मग दिवाळी आली. भाऊबिजेला मामा येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं, पण तो आला. दुपारी मोटरसायकलवरून, आम्हा पोरांना कपडे घेऊन, हसत. त्याला वाटलं असणार, बहिणीला ठेवून घेतलं म्हणजे ह्यांनी हाय खाल्ली. आबा उठून शेताकडं निघून गेले. आत्या आत जाऊन माजघरात बसली. आईनं मामाला पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं. पाट काही मांडला नाही.

"ओवाळ की," मामा म्हणाला. "लांब जायाचंय."

"वन्संस्नी न्यायाला आलायस का दादा?"

मामाचं हसू गेलं. "त्यो इषय येगळा."

"न्हाय. त्योच इषय हाय."

"अगं, मी तुझा भाऊ हाय!"

"म्हणून तर इचारतीया," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ती आत गेली, करंज्या आणि चकल्या फडक्यात बांधून आणल्या. "आईला दे. तिला म्हणावं, म्या बरी हाय." आणि कपड्यांचं पुडकं त्याच्या हातात परत दिलं. मामा थोडा वेळ उभा राहिला. मला वाटलं, आता आतून आत्याला हाक मारेल. एक हाक मारली असती तरी आईनं धावत पाट आणला असता. त्यानं मोटरसायकलला लाथ मारली आणि गेला. आई आवाज जाईपर्यंत दारात थांबली.

संध्याकाळी आत्यानं वडिलांना ओवाळलं. वडिलांनी तबकात ओवाळणी टाकली, आम्ही फराळाला बसलो. आई तेवढ्यात तेच तबक उचलून अंगणात गेली. मी तिच्यामागं गेले. पश्चिमेला उसावर बीजेची कोर होती, दिसेल न दिसेल अशी. आमच्याकडं ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. गावात अशा दोघी-तिघी होत्या, पण माझी आई त्यांच्यातली नव्हती. तिला सख्खा भाऊ होता आणि तो येऊन गेल्याला दिवसही सरला नव्हता.

आत्या पाठोपाठ बाहेर आली. तिनं आईचं मनगट धरलं. "वन्सं, असं करू न्हाई. जित्ता हाय त्यो."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "तुमी जरा वारं आडवा. वात इझतीया."

आत्या तशीच उभी राहिली. मग तिनं मनगट सोडलं आणि पदर पसरून निरांजनाच्या बाजूनं धरला. कोर उसाच्या आड जायला लागली होती, म्हणून आईनं घाईघाईनं ओवाळून घेतलं.